सहअर्जदार

सीताबर्डीच्या शाखेत, मेच्या दुपारी,
टोकन नंबर एकशे सात.
काउंटरवरचे बुराडे साहेब फार सज्जन.
कोर्टाचा कागद त्यांनी दोनदा वाचला,
चष्मा कपाळावर ढकलला, म्हणाले,
"मॅडम, हे तुमचं तुमच्यात झालं.
बँकेला विचारलं का कोणी?"

खरं आहे. नाही विचारलं.
बेसा रोडच्या फ्लॅटसाठी आम्ही दोघांनी सह्या केल्या होत्या
छत्तीस ठिकाणी, मधे एकदा पेन बदलून.
आकडा तेव्हा लक्षात आला नाही.
प्रणीतची सही लांबलचक, माझ्या रकान्यात शिरणारी.
आम्ही हसलो होतो.
आता त्यानं हप्ता चुकवला की फोन मला,
मी चुकवला की त्याला,
आणि सिबिलवरचा डाग दोघांनाही तोच,
तर्रीच्या डागासारखा:
कितीही घासा, पिवळा उरतोच.

घर त्याच्याकडे. मी खामल्यात, वरची खोली,
कूलर भाड्याचा, मोटर कुरकुरणारी.
आमचा कूलर तिकडंच राहिला.
त्याचे हप्ते माझ्या कार्डावर, अजून तीन.
म्हणजे रात्री दोन वाजता
तिकडं जी गार हवा वाहते
तिचे पैसे मी भरून राहिले.

मोहरील वकीलबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या,
"आधी अ‍ॅड-ऑन कार्ड बंद कर, मग रड."
मी क्रम चुकवला.

कार्ड त्याच्या पाकिटात राहिलं
आणि मेसेज माझ्या फोनवर येत राहिले.
वर्धा रोड, पेट्रोल, पाचशे.
धंतोली, औषधं, बाराशे चाळीस:
त्याच्या आईचं थायरॉइड आणि गुडघे, महिनाभराचं.
पुन्हा पेट्रोल.
रविवारी रात्री नऊ चाळीस, धरमपेठ, आइस्क्रीम,
एकशे ऐंशी.
एक कप नव्वदचा.
मला भाव माहीत आहे.

ना आवाज, ना "जेवलीस का".
नुसती रक्कम, तारीख, वेळ.
आठ वर्षांत त्यानं मला इतक्या नेमानं
आपण कुठं आहोत
ते कधी सांगितलं नव्हतं.

एक लाख त्रेचाळीस हजार, वर सुटे.
मी सात महिने मिनिमम भरत राहिले.
कमीत कमी भरत राहिलं
की खातं चालू दिसतं,
हे आम्हाला आधीपासून ठाऊक होतं.
त्यात चिखलदऱ्याचं हॉटेलही आहे, अजून न फिटलेलं.
तिथं दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.
त्या न बोलण्यावर
महिन्याला साडेतीन टक्के.

शेवटी मी लिहिलं,
"आईची औषधं घेऊन ठेव. सोमवारी कार्ड बंद करते."
दोन निळ्या खुणा.
बऱ्याच वेळानं, "हाव."

सोमवारी, मराठीसाठी तीन दाबा.
पलीकडची पोरगी नवी असावी, वाचून विचारत होती,
"अ‍ॅड-ऑन कार्डधारकाशी आपलं नातं?"
मी विचारलं, पर्याय काय आहेत.
"पती, पत्नी, आई, वडील, भाऊ, बहीण, अपत्य."
"इतर?"
"नाही मॅडम, इतर नाही."
मग मीच म्हटलं, असू द्या, पती.
तिनं धन्यवाद म्हटलं,
आणि मला नवीन लाइफटाइम फ्री कार्ड हवंय का, तेही विचारलं.

फोन ठेवल्यावर कालचा मेसेज पुन्हा उघडला.
धंतोली, तीन हजार सातशे वीस.
तीन महिन्यांची एकदम.
म्हटलं, बरं केलं.
अर्ध्या तासानं तेवढेच पैसे माझ्या खात्यात आले,
रुपयाला रुपया,
शेऱ्याच्या जागी एकच शब्द: आई.

बेसा रोडचे एकशे अठ्ठ्याण्णव हप्ते बाकी आहेत.
बुराडे साहेब म्हणतात, फ्लॅट विका, नाहीतर
त्यांच्या एकट्याच्या पगारावर नव्यानं कर्ज काढा,
मग तुमचं नाव सुटेल.
जूनमध्ये बघू.

वहीत दोन रकाने पाडले, त्याचा आणि माझा.
पेट्रोल त्याच्याकडे लिहिलं. कूलर अर्धा-अर्धा.
चिखलदरा कुठं लिहावं कळेना,
तिथं ओळ कोरी सोडली.

आइस्क्रीमचे एकशे ऐंशी
अजून यायचे आहेत.